‘सुंदर पाऊस’ खोडताना

आठवीच्या मुलांना ‘पाऊस’ या विषयावर कविता लिहायला सांगा. वर्ग पुण्यातला असो, पणजीतला असो की गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीतला, अर्ध्या तासाने गोळा होणाऱ्या कागदांवर एकच पाऊस पडत असतो. तो रिमझिम असतो, सुंदर असतो. त्याच्याबरोबर मोर नाचतो, धरती हिरवा शालू नेसते आणि शेवटच्या ओळीत बळीराजा सुखावतो.

केशोरीचा पाऊस प्रत्यक्षात असा नाही. हा धानाचा मुलूख आहे. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण इथून जवळ, नवेगावबांधचं जंगल आणि तलावही फार लांब नाही. परिसरात मिरचीची शेती मोठी. इथल्या पावसाला कामाचं वेळापत्रक असतं: पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे, चिखलणी करायची, रोवणी (लावणी) उरकायची. तो वेळेवर आला नाही तर पऱ्हे पिवळे पडतात आणि काढणीला आला तर कापून शेतात पसरलेल्या कडपा भिजून धानाला कोंब फुटतात. हे सगळं आठवीतल्या मुलाला ठाऊक असतं. घरी जेवताना तो याच पावसाबद्दल बोलतो. वहीत मात्र दुसराच पाऊस येतो, पाठ्यपुस्तकातून आणि वार्षिकांकातून उसना आणलेला.

कविता ‘सुधारायला’ शिकवणं म्हणजे नेमकं काय, हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुलांच्या कवितेत नेमका शब्द घालायला शिक्षकाने तो बाहेरून आणावा लागत नाही. बहुतेक वेळा तो मुलाच्या तोंडात असतोच. शाळेत येताना तो बाहेर काढून ठेवण्याची त्याला सवय लागलेली असते. शिक्षकाचं काम शब्द पुरवण्याचं नसून प्रश्न विचारण्याचं आहे.

एक नमुना घेऊ. ओळी मीच रचल्या आहेत, पण मुलांच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

आला आला पाऊस सुंदर आला,
सगळ्या जनांना आनंद झाला.
शेतात आई खूप काम करते,
माझे मन आनंदाने भरते.

आपल्याकडे अशा कवितेवर दोन प्रकारचे संस्कार होतात. पहिला म्हणजे शुद्धलेखन तपासून ‘छान’ असा शेरा. दुसरा जरा उत्साही शिक्षकांचा. ते ‘सुंदर’च्या जागी ‘मनोहर’ सुचवतात, ‘खूप’च्या जागी ‘अविरत’, ‘काम’च्या जागी ‘कष्ट’. कविता भारदस्त दिसू लागते आणि वार्षिकांकात छापूनही येते. पण पाऊस जिथे होता तिथेच राहतो. ‘सुंदर’ने जेवढं दाखवलं तेवढंच ‘मनोहर’ने दाखवलं, म्हणजे काहीच नाही. समानार्थी शब्दांच्या यादीतून उचललेला शब्द नेमका असेलच असं नाही. पुष्कळदा तो फक्त दुर्मिळ असतो.

तिसरी वाट प्रश्नांची. किती दिवस पडत होता? मध्ये उघाड मिळाली का? आई कुठे होती, हातात काय होतं? शेत तुमचं की दुसऱ्याचं? आणि तू कुठे उभा होतास? मुलाची उत्तरं साधारण अशी येतील: तीन दिवस झड होती. आई रोवणीला गेली होती, दुसऱ्याच्या बांधीत. मी पऱ्ह्याच्या पेंढ्या पोचवत होतो. ही उत्तरं देताना मुलाला आपण कविता करतो आहोत याचं भान नसतं. म्हणूनच ती चांगली असतात. ती फळ्यावर जशीच्या तशी लिहून घ्यावीत.

या उत्तरांतल्या शब्दांकडे जरा बघा. ‘झड’ म्हणजे नुसता पाऊस नव्हे. दिवसचे दिवस न थांबता पडणारा, घराबाहेर पडू न देणारा, कपडे वाळू न देणारा पाऊस म्हणजे झड. ‘सुंदर पाऊस’ या दोन शब्दांनी जे साधलं नाही ते या एका शब्दाने साधलं, शिवाय एक शब्द वाचला. ‘शेत’ म्हटलं की तूर, कापूस, ऊस, काहीही डोळ्यांपुढे येऊ शकतं. ‘बांधी’ म्हटलं की चारही बाजूंनी धुरा (बांध) घातलेला, पाणी साठवलेला धानाचा तुकडा दिसतो. ‘काम करते’मधून आई काहीही करत असू शकते. ‘रोवते’ म्हटलं की तिचं वाकणं, चिखलातले पाय, मागे मागे सरकणं, सगळं आपोआप आलं. त्यासाठी एकही विशेषण लागलं नाही.

दुसरा खर्डा असा होऊ शकेल:

तिसऱ्या दिवशीही झड.
दुसऱ्याच्या बांधीत आई रोवते पऱ्हे,
उभी राहते तेव्हा
कंबरेवर हात ठेवून.

बरीच प्रगती झाली, पण काम अजून संपलेलं नाही. ‘कंबरेवर हात ठेवून’ हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तरी नेमकं नाही. मराठी वाचकाला कंबरेवर हात म्हटलं की पहिल्यांदा विटेवरचा विठोबा आठवतो. त्या उभं राहण्यात एक निवांतपणा आहे. तासन्‌तास वाकून रोवणी केलेली बाई सरळ होते तेव्हा तिचा हात कंबरेवर ‘ठेवलेला’ नसतो, तिने कंबर ‘धरलेली’ असते. ‘ठेवून’ आणि ‘धरून’ यांत अक्षरांचा फरक किरकोळ आहे. पण पहिल्या शब्दात विश्रांती आहे आणि दुसऱ्यात दुखणं. वर्गात हे सांगू नये, करून दाखवायला लावावं. दोन मुलांना पुढे बोलवा. एकाने कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं, दुसऱ्याने कंबर धरून. आई यातली कोणती, हे सगळा वर्ग एका क्षणात सांगतो.

आता चौथ्या ओळीचा प्रश्न. पहिल्या खर्ड्यात मुलाचं मन आनंदाने भरत होतं. ते का भरत होतं? उत्तर सोपं आहे: वरच्या ओळीत ‘करते’ होतं म्हणून. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, त्यामुळे ‘करते-भरते’, ‘आला-झाला’, ‘गातो-जातो’ ही यमकं फुकटात मिळतात. ती मिळवायला विचार करावा लागत नाही आणि एकदा मिळाली की तीच पुढची ओळ ठरवू लागतात. केनेथ कोच या अमेरिकी कवीने 1968 पासून न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहून घेतल्या आणि 1970 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने मुलांना यमक जुळवू नका असंच सांगितलं होतं, कारण यमकाच्या मागे लागलं की मुलं जे म्हणायचं ते सोडून देतात. इंग्रजीत यमक जुळवायला कष्ट पडतात. आपल्याकडे ते अतिस्वस्त आहे, म्हणून धोका जास्त. यमकाला माझा विरोध नाही. ओवी, अभंग, जात्यावरची गाणी यमकाशिवाय कशी उभी राहतील? पण दुसऱ्या खर्ड्यात एकदा तरी यमक मोडून बघावं. मोडल्यावर ओळीत काही उरलं तर ठीक. काहीच उरलं नाही, तर ती ओळ यमकानेच लिहिली होती.

मग मुलाला विचारायचं की तू खरंच खूश होतास का. तो ‘हो’ म्हणाला तर कशामुळे ते विचारा. शाळेला सुट्टी होती, की पाण्याबरोबर बांधीत चढलेले मासे पकडायला मिळाले? तसं असेल तर ती वेगळी कविता आहे आणि तीही लिहायला हवी. पण आईच्या रोवणीच्या कवितेत मुलाचं काम एकच आहे, पेंढ्या पोचवण्याचं. तेवढंच लिहायचं:

तिसऱ्या दिवशीही झड.
दुसऱ्याच्या बांधीत आई रोवते पऱ्हे,
उभी राहते कंबर धरून.
मी पेंढी फेकतो. ती पुन्हा वाकते.

शेवटच्या ओळीत ‘देतो’ नाही, ‘फेकतो’ आहे. चिखलात शिरून प्रत्येक पेंढी हातात देत बसायला वेळ नसतो, ती धुऱ्यावरून टाकतात. पण तो शब्द आल्यावर आणखी एक गोष्ट घडली. मुलगा पेंढी फेकतो म्हणून आई पुन्हा वाकते. मुलाला हे आधी ठाऊक होतं का? बहुधा नाही. शब्द दुरुस्त करता करता ते त्याला दिसलं. खर्डा सुधारण्याचा खरा लाभ हा आहे. शुद्धलेखन वगैरे त्यामानाने किरकोळ.

हाच प्रकार चीनमधल्या एका जुन्या गोष्टीत आहे. आठव्या-नवव्या शतकातला जिया दाओ हा कवी गाढवावर बसून राजधानीच्या रस्त्याने चालला होता. त्याच्या ओळीत एक भिक्षू चांदण्या रात्री दाराशी येतो. तो दार ‘ढकलतो’ म्हणावं की दारावर ‘थाप मारतो’, हे काही ठरेना. हाताने दोन्ही हावभाव करून बघता बघता तो हान यू या बड्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यात घुसला. हान यू स्वतः मोठा लेखक. शिक्षा करायची सोडून तो त्याच प्रश्नात रमला आणि ‘थाप’ बरी असा त्याने कौल दिला. शांत रात्रीत थापेचा आवाज होतो आणि आवाज झाल्यावरच शांतता जाणवते, असं त्याचं समर्थन पुढे देतात. गोष्ट दंतकथेच्या जातीची आहे, पण चिनी भाषेत लेखनावर हात फिरवण्याला आजही ‘ढकल-थाप’ या अर्थाचाच जोडशब्द वापरतात. मला यात आवडतो तो कवीचा हात. तो अर्थ शब्दकोशात शोधत नव्हता, करून पाहत होता.

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण विदर्भातलंच आहे आणि त्यात विद्यार्थीही आहेत. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला 7 ऑक्टोबर 1930 रोजी घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी ती पुरी झाली. पूर्ण झालेला मजकूर त्यांनी वर्ध्याच्या आश्रमातल्या लहान मुलींच्या वर्गात नेला. त्यांना ती शिकवताना जिथे मुली अडखळल्या तिथे त्यांनी शब्द बदलले. 1932 साली, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना, पहिली आवृत्ती निघाली. त्यानंतरही त्यांचा हात फिरत राहिला. पुढे धाकटे बंधू शिवाजी भावे यांच्यासह त्यांनी गीताईतल्या शब्दांचा कोशच तयार केला. संस्कृतचा एवढा गाढा अभ्यासक आणि परीक्षक म्हणून निवडल्या कोण, तर लहान मुली. त्याही कुठे चुकतात हे बघायला नव्हे, तर आपण कुठे चुकलो हे कळायला. आपल्या वर्गांत तपासण्याची दिशा नेमकी याच्या उलट असते. शिक्षकाने स्वतःची चार ओळींची कविता फळ्यावर लिहून मुलांना ‘कुठे कळत नाही’ असं विचारावं. मुलांना स्वतःच्या कवितेवर काट मारायची भीती उरणार नाही.

ही भीती केशोरीसारख्या ठिकाणी दुहेरी असते. हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत बोलली जाणारी झाडीबोली हे इथल्या अनेक घरांचं बोलणं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास मांडून तिला साहित्यात मान मिळवून दिला. झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलनं भरतात आणि वडसा परिसरातून गावोगाव जाणारी झाडीपट्टी रंगभूमी हिवाळ्यात रात्र रात्र मंडप भरते. बोलीत ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे उच्चार नाहीत. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. वहीत ‘डोरा’ दिसला की लाल शाई पुढे सरसावते. मग मूल शिकतं काय? घरचा शब्द हा चुकीचा शब्द. ‘डोरा’ खोडता खोडता त्याबरोबर ‘झड’, ‘बांधी’, ‘पुंजणे’ (धानाच्या भाऱ्यांची रास) हेही गळतात, खरं तर त्यांच्यात शुद्धलेखनाची काहीच अडचण नसताना. याच परिसरातल्या वर्गात घरी गोंडी बोलणारं मूल असू शकतं. गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. एका बाकावर तीन भाषांचे पाऊस बसलेले असतात आणि आपण तिघांनाही ‘रिमझिम’ देतो.

शिक्षकाला परीक्षेचीही काळजी असते आणि ती खोटी नाही. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठीच लागते. म्हणून कवितेची वही वेगळी ठेवावी. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचं रसग्रहण विचारतात. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा लिहायला सांगतात, पण कविता लिहायला सांगत नाहीत. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला ती सोय वाटते. जिथे गुण नाहीत तिथे मूल निर्धास्त खोडतं.

मात्र बोलीच्या बाजूने बोलताना एक खबरदारी हवी. ग्रामीण शब्द म्हणजे आपोआप नेमका शब्द, हा नवा गैरसमज हल्ली पसरतो आहे. कधीही रोवणी न पाहिलेल्या मुलाने कवितेत ‘पऱ्हे’ आणि ‘धुरा’ पेरले, तर ते हिरव्या शालूइतकेच उसने. आणि मोबाइलवर क्रिकेट बघणाऱ्या केशोरीच्या मुलाला ‘बाउंड्री’, ‘नेटवर्क’, ‘रिचार्ज’ हे शब्द नेमके असतील तर ते राहू द्यावेत. कसोटी शब्दाच्या जातीची नाही. तो त्या मुलाने, त्या वेळी, त्या गोष्टीसाठी वापरला असता का, एवढीच आहे.

नेमकेपणाचं सगळ्यात मोठं भांडार क्रियापदांत आहे आणि वर्गात आपण वेळ घालवतो विशेषणांवर. मराठीत ‘काढणे’ या एकाच अर्थासाठी किती हात आहेत पाहा. फूल खुडतात, मोहफुलं वेचतात, तेंदूपानं तोडतात, आंबा उतरवतात, हळद खणतात, भुईमूग उपटतात, धान कापतात. प्रत्येक क्रियापदात शरीराची वेगळी ठेवण आहे. खुडताना अंगठा आणि तर्जनी, वेचताना वाकलेली पाठ आणि जमिनीवर नजर, उतरवताना वर केलेली मान. मिरचीचा तोडा चालू असताना बायका काय करतात आणि मिरची सातऱ्यावर वाळत घातल्यावर देठ काढायला बसतात तेव्हा काय करतात, हे केशोरीच्या मुलाइतकं कुणाला माहीत? तिखटाने बोटांची आग होते की जळजळ होते की ती झोंबतात, हेही त्यालाच विचारावं. शहरातल्या संपादकाला यातला फरक कळणार नाही.

धानाच्या तर एकेका अवस्थेला शब्द आहे. पऱ्हे, मग रोवणी, मग फुटवे, मग धान गर्भात येतो, मग निसवतो, लोंबी बाहेर पडते, पुढे कापणी, कडपा, भारे, पुंजणे आणि शेवटी मळणी. ‘हिरवेगार शेत’ या एका शब्दप्रयोगाखाली यातल्या निदान चार अवस्था गाडल्या जातात. ‘धान निसवला’ असं लिहिलं की महिना कळतो, हवा कळते, शेतकऱ्याच्या मनाची स्थितीही कळते, कारण आता तुडतुडा आला किंवा वादळ आलं तर हातातोंडाशी आलेला घास जातो. वर्गाने मिळून अशी शब्दांची वही करावी. घरी विचारून यायचं, कुणी सांगितलं त्याचं नातं लिहायचं (आजी, मामा, रोवणीच्या बाया), शब्द कधी वापरतात ते लिहायचं. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची, झाडांची, प्राण्यांच्या सवयींची नावं ऐकून टिपून ठेवली, आणि त्यातूनच त्यांचे कोश आणि ललित लेखन उभं राहिलं. त्यांचं निधन जून 2025 मध्ये झालं. ते ज्या तलावाकाठी हिंडले तो केशोरीच्या याच तालुक्यात आहे. मुलाने कवितेत ‘पक्षी उडाला’ लिहिलं, तर कोणता, हे विचारायला लाजायचं कारण नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया आणि आसपासच्या धानपट्ट्यात. आपल्याच जिल्ह्याचा पक्षी आपल्या मुलांच्या कवितेत नसावा आणि लांडोरीपुढचा मोर सगळीकडे असावा, हे जरा चमत्कारिकच.

व्याकरणाच्या पुस्तकातल्या ध्वनिदर्शक शब्दांच्या यादीविषयीही बोलायला हवं. पाण्याचा खळखळाट, पानांची सळसळ, पक्ष्यांचा किलबिलाट. यादी म्हणून ती उपयोगी आहे, शब्द मुळात सुरेख आहेत, पण पाठ केल्यामुळे जोड्या पक्क्या जुळल्या. पाणी दिसलं की खळखळाट आलाच. आता भरलेली बांधी कधी खळखळते का? ती निमूट असते. फार तर धुरा फुटला तर तिथून पाणी बुडबुडत जातं. मुलांना तलावाकाठी किंवा बांधीजवळ पाच मिनिटं गप्प बसवून ऐकू आलेलं लिहायला सांगावं. यादीतला एखादा शब्द खरोखरच ऐकू आला तर तो वापरायची पूर्ण मुभा.

इथवर मी शब्दाचीच बाजू लावून धरली, पण तिची मर्यादा सांगितली नाही तर ते अर्धवट होईल. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेने 1980 साली विद्यार्थी आणि सराईत लेखक आपलं लेखन कसं बदलतात याची तुलना प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांच्या लेखी सुधारणा म्हणजे शब्द बदलणं. तोच शब्द पुन्हा आला की त्यांना खुपतं, मग ते दुसरा शब्द शोधतात. सराईत लेखक आधी लेखनाचा आकार बघतात, म्हणायचं काय होतं ते पुन्हा तपासतात, प्रसंगी अख्खे तुकडे टाकून देतात. वरच्या कवितेत मोठा बदल कोणता झाला? ‘सुंदर’ गेलं हा नव्हे. ‘सगळ्या जनांना आनंद झाला’ ही ओळ संपूर्ण गेली आणि तिची उणीव कुणालाच भासली नाही. शब्दावर काम करता करता ओळच अनावश्यक आहे हे कळतं, तेव्हा ती काढायचं धैर्य शिक्षकाने द्यावं. ओळी कमी झाल्या म्हणून गुण कमी, हा हिशेब कवितेला लावू नये. आणि ‘पुनरुक्ती टाळा’ हा निबंधाचा नियमही इथे चालत नाही. तीन दिवसांची झड सांगायला तीनदा ‘झड’ म्हणावंसं वाटलं तर म्हणू द्या. ‘पाऊस’, ‘वर्षा’, ‘पर्जन्य’ अशी माळ ओवली की पाऊस कमी आणि शब्दकोश जास्त दिसतो.

शब्दकोशाची जागा शेवटी येते, पण ती आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 ते 1938 या काळातले. दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. शब्द शोधायला नव्हे, सापडलेला शब्द पडताळायला ते वापरावेत. ‘झड’ मोल्सवर्थमध्ये सापडते तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते लाल शाईने कधी येणार नाही. आपल्या आजीचा शब्द इंग्रज साहेबाने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवला होता, एवढं कळलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष तास कसा घ्यावा, याचे नियम करण्यात मला रस नाही. काही अनुभवसिद्ध गोष्टी मात्र आहेत. लिहिल्या दिवशीच सुधारायला सांगू नये. निदान आठवडा जाऊ द्यावा, म्हणजे स्वतःची ओळ परक्यासारखी वाचता येते. सुधारण्याआधी कविता दुसऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. तो जिथे अडखळतो किंवा भराभर पुढे पळतो, तिथे खूण करावी. एका तासाला एकच काम: आज फक्त क्रियापदं, पुढच्या वेळी फक्त विशेषणं, त्यातली जेवढी काढता येतील तेवढी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शिक्षकाने शब्द सुचवायचा नाही. जिभेच्या टोकावर आला तरी गिळायचा. तुम्ही दिलेला शब्द मूल आज्ञाधारकपणे लिहून घेतं आणि कविता त्या क्षणापासून तुमची होते.

खोडरबर मात्र वर्गाबाहेर ठेवा. शब्दावर एक आडवी रेघ मारायची, वर नवा शब्द लिहायचा, जुना वाचता आला पाहिजे. पहिला खर्डाही फाडू नये, त्यावर तारीख घालून वहीत चिकटवावा. येत्या रोवणीच्या दिवसांत तुमच्या वर्गात ‘पाऊस’ हा विषय देणार असाल, तर सुरुवातीला कवितेचं नावसुद्धा काढू नका. आधी एवढंच विचारा: काल तुमच्याकडे किती पडला, आणि तेव्हा घरातलं कोण कुठे होतं?